अखंड सेवेचं पदक

पलटणीत त्याला सगळे नळ्या म्हणायचे आणि पाणीपुरवठ्यात शिपाईगडी. म्हणजे जिथे हातात पाना असायचा तिथे त्याची ओळख बंदुकीची, आणि जिथे बंदूक असायची तिथे नळाची. पगार घ्यायच्या खिडकीवर मात्र तो नुसता फिटर होता. आपणही त्याला फिटरच म्हणू. तेवढं एक नाव त्याने कमावलेलं होतं, बाकीची लोकांनी चिकटवलेली.

पलटण अर्धवेळ होती. रविवारी सकाळी कवायत, आणि वर्षातून एकदा, नेमका सुट्ट्यांच्या दिवसांत, कॅम्प. एरवी जो तो आपापल्या पोटामागे. मेजरसाहेब दातांचे डॉक्टर होते. हवालदाराचं चपलांचं दुकान होतं आणि तो माणसाच्या तोंडाआधी पायांकडे बघायचा. लोक त्यांना रविवारची पलटण म्हणत. शत्रूला आधी निरोप धाडावा लागेल, असं कुणीतरी म्हणायचं, की बाबा रे, येणार असलास तर रविवारी ये, सोमवारी दुकानं उघडी असतात. हा विनोद फिटरने इतक्या वेळा ऐकला होता की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच तो हसून मोकळा व्हायचा.

या पलटणीत दीर्घकाळ टिकलेल्याला एक पदक मिळे. चांदीचं, हिरव्या फितीचं, फितीला दोन्ही कडांना बारीक पिवळी रेघ. मागच्या बाजूला दोनच शब्द कोरलेले: अखंड सेवा. फिटरबरोबर भरती झालेल्या सगळ्यांना ते केव्हाच मिळून गेलं होतं. जो न्हावी परेडमध्ये उजवं-डावं चुकायचा त्यालाही मिळालं. फिटरला नाही, कारण त्याच्या सेवेत खंड होता. एकच. पण खंड तो खंड. अखंड या शब्दात थोडंसं अखंड असं काही नसतं.

त्या खंडाची गोष्ट अशी. ज्या वर्षी नदीला पूर आला, त्या दुपारी पलटणीला बोलावणं आलं. बंधाऱ्यावर वाळूची पोती रचायची होती. फिटर पंपघरात कामावर होता. त्याने बूट चढवले, आणि तेवढ्यात वीज गेली. नदीकडचा मोठा व्हॉल्व्ह बंद केल्याशिवाय गढूळ पाणी सगळ्या शहराच्या नळांत शिरणार होतं. विजेवाचून तो हाताने फिरवायचा, आणि ते चाक एकट्याने फिरणारं नव्हतं. पंपघरात दुसरा माणूस एकच, पंपाची पाळी सांभाळणारे दादा, आणि त्यांचा खांदा मागे एकदा निखळलेला. फिटरने फोन लावला. दातवाले साहेब तेव्हा अजून मेजर झालेले नव्हते. ते म्हणाले, "थांबा तिथेच. तेही कामच आहे." आणि फोन बंद पडला.

दोघांनी मिळून चाक फिरवलं. व्हॉल्व्ह बंद झाला. शहराला त्या दिवसांत स्वच्छ पाणी मिळालं, आणि स्वच्छ पाण्याबद्दल कधी कुणी कुणाचे आभार मानत नाही. पण व्हॉल्व्हचा शेवटचा आटा घट्ट करायला दादा खाली खड्ड्यात उतरले असताना मागची भिंत ढासळली. त्यांचा पाय नळाखाली अडकला. फिटर वर पालथा पडून त्यांचा हात धरून होता. पाणी चढत गेलं. ओढून पाहिलं, पान्याने नळ उचलून पाहिला, कुणाला हाका मारून पाहिल्या. सगळी पलटण बंधाऱ्यावर होती. पाणी हनुवटीला आलं तेव्हा दादा म्हणाले, "हिला सांग, मी रागावलो नव्हतो." मग ते काही बोलले नाहीत. फिटरने हात मात्र बराच वेळ सोडला नाही.

त्या सकाळी दादांचं घरी भांडण झालं होतं आणि ते न बोलता बाहेर पडले होते. हे फिटरला कळलं ते वहिनींना निरोप सांगताना. निरोप ऐकून त्या मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "परत सांगा." त्याने परत सांगितलं. पुढे तो जेव्हा जेव्हा त्यांच्याकडे जाई तेव्हा चहा झाला की वहिनी म्हणत, "भावजी, एकदा सांगा ना." आणि तो सांगे. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. बाईने त्या तीन शब्दांवर दिवस काढले होते म्हटलं तरी चालेल.

पलटणीचा नियम मात्र साधा होता. बोलावणं आल्यावर जो हजर नाही, त्याचं ते वर्ष धरायचं नाही, आणि वर्ष धरलं नाही की सेवा तुटली.

आता फिटरचं पलटणीतलं शेवटचं वर्ष होतं. वय झालं की पोशाख परत करायचा आणि घरी बसायचं. त्याला स्वतःला पदकाचं वेड होतं का, हे नीट सांगता येत नाही. होतं थोडं. जन्मभर दोन दगडांवर पाय ठेवून काढलेल्या माणसाला कुठेतरी आपण पुरे होतो असं वाचायला मिळावं, एवढंच. पण खरी धग बायकोला होती.

"तुमचं राहू दे," ती म्हणाली, "माझं काय? दरवर्षी सुट्टी आली की तुम्ही कॅम्पला. मुलीचं लग्न ठरवायला माझा भाऊ गेला, तुम्ही तिकडे चिखलात सरपटत होतात. आई गेली तेव्हा तुम्ही तंबूत. मी कुणाला काही बोलले?"

"मला बोललीस की."

"तुम्हाला बोलणार नाही तर काय भिंतीला? त्या न्हाव्याची बायको समारंभाला येते तेव्हा नवऱ्याचं पदक स्वतःच्या छातीवर असल्यासारखी चालते. मला कुणी विचारलं की सांगते, आमच्या ह्यांचं कागदात अडकलंय. किती वर्षं अडकणार?"

"अगं, मी गैरहजर होतो."

"पोहायला गेला होतात का?"

फिटर मेजरसाहेबांना भेटायला गेला.

साहेब परेडवर फक्त सलाम घेत. काही बोलायचं असेल तर दवाखान्यात या, असा त्यांचा शिरस्ता. बाहेरच्या बाकावर गाल धरून बसलेल्या लोकांत फिटर आपला धडधाकट गाल घेऊन बसला. आत गेल्यावर साहेब म्हणाले, "बसा खुर्चीत. दुसरीकडे जागा कुठे आहे?" तो बसला. खुर्ची मागे झुकली, दिवा तोंडावर आला.

"साहेब, ते पदकाचं जरा..."

"आलाच आहात तर बघून टाकतो. उघडा. अरे बापरे. हा मागचा तर पार पोखरलाय. दुखत नाही?"

"थोडा."

"थोडा काय, फिटर? गळकी पाइप असती तर ठेवली असतीत का अशी? मिटू नका."

सुई टोचली. थोड्या वेळात अर्धा जबडा दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा झाला. गालात कापूस कोंबला, जिभेवर आरसा आला, आणि मग साहेब निवांतपणे बोलू लागले.

"मला आठवतंय सगळं. मीच थांबा म्हटलं होतं. पण नियमात दोनच घरं आहेत हो, हजर आणि गैरहजर. पंपघर असं तिसरं घर नाही. मी वरच्यांना दोनदा विचारलं. ते म्हणतात, माणूस पलटणीबरोबर होता की नव्हता, तेवढं सांगा. वळा जरा इकडे. तर मी काय म्हणतो, त्या दुपारी बंधाऱ्यावर एवढी धांदल होती की कोण कुठल्या तुकडीत होतं हे देवालाच ठाऊक. तुम्ही दुसऱ्या तुकडीत होतात. मी पाहिलं तुम्हाला, हवालदारानेही पाहिलं. तो आपलाच आहे, त्याला मी सांगतो. कुणाचं काही जात नाही यात. चालेल ना?"

फिटरच्या घशातून काहीतरी आवाज निघाला.

"बोलू नका, हत्यार आहे तोंडात. मान हलवलीत तरी पुरे."

फिटरने मान हलवली.

पुढे त्याने स्वतःची पुष्कळ समजूत घातली. ती मान दातासाठी हलली असेल, म्हणाला. तोंडात लोखंड असताना माणूस काय वाद घालणार, म्हणाला. पण सुन्न जबडा झाला होता, मान नव्हती. ती आडवी हलवायलाही तेवढीच सोपी होती.

घरी बायकोने दारातच विचारलं, "काय म्हणाले?"

"बिळेल," फिटर म्हणाला.

"काय बिळेल?"

त्याने गालाकडे बोट दाखवलं, मग छातीकडे. तिला कळलं, आणि ती इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. किती दिवसांनी हसली, असं त्याच्या मनात आलं, आणि मग काही म्हणायचं राहूनच गेलं.

वहिनींचा विचार त्याच्या मनात आला नाही असं नाही. आला, आणि त्याने तो पुढे ढकलला. नाव पुकारतील, पदक लावतील, टाळ्या होतील. त्यात बंधारा कुणाच्या तोंडी येणार? पण समारंभाच्या आदल्या दिवशी बायको म्हणाली, "वहिनींना सांगितलंय मी. त्या येतायत माझ्याबरोबर."

"त्यांना कशाला उन्हात?"

"कशाला म्हणजे? दादा असते तर पहिल्या रांगेत बसले असते. तुम्हाला काय झालंय?"

काय झालंय ते सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. फिटर बुटांना पॉलिश करायला बसला.

समारंभाला मैदानावर कापडाचा मांडव घातला होता. बाहेरून मोठे पाहुणे आले होते. पलटण रांगेत उभी होती. पोटं आत, छात्या बाहेर, जेवढं जमेल तेवढं. दुसऱ्या रांगेत बायको, शेजारी वहिनी. माइक हवालदाराच्या हाती होता, आणि हातात माइक आला की हवालदाराला दुकानात गिऱ्हाईक आल्यासारखं व्हायचं. एक जोड मागितला तरी चार दाखवल्याशिवाय सोडायचा नाही.

फिटरचं नाव आलं. तो पुढे झाला.

"आता हा आमचा नळ्या," हवालदार म्हणाला आणि मांडवात हशा पिकला. "याला इतकी वर्षं पदक का नाही, असं लोक मला विचारतात. काही म्हणतात, पुराच्या दिवशी हा होता कुठे? मी सांगतो कुठे होता. बंधाऱ्यावर होता. माझ्या डाव्या हाताला. दुपारपासून अंधार पडेपर्यंत पोती वाहत होता. एक क्षण आम्हाला सोडून गेला नाही. याचे बूट फाटलेले मी या डोळ्यांनी बघितले, आणि दुसऱ्या आठवड्यात याने नवा जोड माझ्याच दुकानातून नेला. घासाघीस करून."

पुन्हा हशा. हवालदाराने हे सगळं प्रेमाने केलं होतं. साहेबांनी त्याला एवढंच सांगितलं होतं की कुणी विचारलं तर हो म्हण. कुणी विचारलं नाही, म्हणून त्याने आपणहून सांगितलं. मित्राचं काम करायचं तर हातचं राखून कशाला करायचं, असा त्याचा स्वभाव.

पाहुण्यांनी पदक लावलं. टाचणी कापडातून जाईना, तर त्यांनी जरा जोर लावला. फिटरने सलाम ठोकला आणि वळताना दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. बायको उभी राहून टाळ्या वाजवत होती. वहिनींचे हात मांडीवर होते.

चहाच्या वेळी तो गर्दीतून वाट काढत त्यांच्यापाशी गेला. बायको न्हाव्याच्या बायकोला पदक दाखवायला म्हणून त्याला ओढत होती. त्याने हात सोडवला.

"वहिनी, ते खोटं आहे," तो म्हणाला.

"कोणतं?"

"हे. आत्ताचं. हवालदार बोलला ते. मी बंधाऱ्यावर नव्हतो."

"मग ते असं का म्हणाले?"

"त्याशिवाय पदक मिळत नव्हतं."

वहिनींनी त्याच्या छातीकडे पाहिलं. "म्हणजे पदकासाठी खोटं बोललात."

"मी नाही बोललो. म्हणजे, बोलू दिलं."

"आणि माझ्यासाठी?"

"तुमच्यासाठी काय?"

"ते रागावलो नव्हतो म्हणाले, ते."

"ते खरं आहे, वहिनी. मी तिथे होतो. हात धरून होतो त्यांचा."

"भावजी, मला काही तुमचा राग नाही," वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी नेहमीचा होता. "उलट विधवेसाठी खोटं बोलणं चांगलंच की. कुणीही बोलेल. जो बिल्ल्यासाठी बोलतो, तो माझ्यासाठी बोलणार नाही असं कसं म्हणू मी?"

बायको मध्ये पडली. "अहो वहिनी, काहीतरीच काय. हे पंपघरातच होते. त्या दिवशीचे कपडे मी धुतलेत. चिखल निघता निघेना."

"चिखल बंधाऱ्यावर पण होता," वहिनी म्हणाल्या.

फिटर धावतच मेजरसाहेबांना घेऊन आला. साहेब पाहुण्यांबरोबर उभे होते. पाहुणेही सौजन्याने दोन पावलं मागून आले. फिटर म्हणाला, "साहेब, यांना एकदा सांगा. फोनवर तुम्ही मला काय म्हणालात ते."

साहेबांनी एकदा फिटरकडे पाहिलं आणि एकदा पाहुण्यांकडे.

वहिनींनी सरळच विचारलं, "साहेब, त्या दुपारी हे कुठे होते?"

"बंधाऱ्यावर," साहेब म्हणाले. "आत्ता ऐकलंत ना? आम्हाला अभिमान आहे तुमच्या भावजींचा." पाहुण्यांनी मान डोलावली. साहेबांनी फिटरच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "तो दात आता ठीक आहे ना?"

या वेळी फिटरच्या तोंडात काही नव्हतं. ना कापूस, ना आरसा. "साहेब," एवढंच तो म्हणाला. पाहुणे त्याच्याकडे हसून बघत होते. बायको बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत ज्याची त्याला भीती होती तेच होतं, आता हे घालवू नका. वहिनींनी पेला ठेवला आणि मला जरा उशीर होतोय म्हणून त्या निघून गेल्या.

आठवडाभर घरात पदकाचं नाव कुणी काढलं नाही. बायकोने ते काचेच्या कपाटात ठेवलं होतं, आधी पुढे, मग कपबशांच्या मागे. रविवारी फिटरने ते खिशात घातलं आणि वहिनींकडे गेला.

"या भावजी," त्या म्हणाल्या. चहा झाला. मोरीतला नळ नीट मिटत नाही, हे त्यांनी सांगितलं. भाचीला नोकरी लागल्याचं सांगितलं. चहा संपला. पण जे त्या नेहमी म्हणायच्या ते म्हणाल्या नाहीत.

त्याने पदक टेबलावर ठेवलं. "हे मी परत करतोय."

"कुणाला?"

"पलटणीला. खरं काय ते लिहून देतो सगळं."

"करा की. मला कशाला दाखवता?"

"तुम्हाला पटावं म्हणून."

"आज हे खोटं म्हणून लिहून द्याल, उद्या ते. मी कुठवर पटवून घेऊ?" त्यांनी पदक उलटं करून मागचे शब्द वाचले आणि पुन्हा सरळ ठेवलं. "मला एकच सांगा. त्या सकाळी आमचं कशावरून वाजलं होतं?"

फिटर आठवू लागला.

"सकाळपासून दोघंच होतात ना तिथे? काहीतरी म्हणाले असतील."

"दादा घरचं कधी बोलत नसत, वहिनी."

"नसत. खरंय." त्यांनी फितीवरून बोट फिरवलं. "आणि मरताना बोलले."

"हो."

"तेवढंच."

"तेवढंच."

वहिनींनी कप उचलले आणि त्या आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. दोन कपांना इतका वेळ लागत नाही, हे फिटरला कळत होतं. तो उठला, पदक खिशात टाकलं आणि येतो म्हणाला. आतून "बरं" असं आलं.

जिना उतरताना तो विचार करत होता, कशावरून वाजलं असेल? दादांना वहिनींच्या बहिणीकडची माणसं आवडत नसत, एवढं त्याला ठाऊक होतं. पूर आला त्याच आठवड्यात तिच्याकडे काही कार्य होतं, असं अंधूक आठवत होतं. मग त्यावरूनच असणार. दादा म्हणाले असतील मी येत नाही, वहिनी म्हणाल्या असतील मग मी एकटी जाते. पुढच्या वेळी म्हणावं की, वहिनी, आता आठवलं, चाक फिरवताना दादा म्हणाले होते, हिच्या बहिणीकडे जाऊन यावं म्हणतो. जरा थांबत थांबत म्हणावं, एकदम नको.

फाटकाशी पोचल्यावर आपण काय जुळवतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं आणि त्याचे पाय जागीच थांबले. मग तो चालू लागला, आणि घर येईपर्यंत जुळवतच राहिला.